चूर्णलेपन, जुन्या मोटारगाड्यांच्या निलंबन भागांवरील

कोरड्या रंगीत चूर्णाचा थर विद्युत् भाराच्या साहाय्याने धातूच्या वस्तूवर बसवून तो भट्टीत वितळविणे व दृढ करणे या क्रियेला चूर्णलेपन म्हणतात. कारखान्यांत व व्यवहारात तिचे ‘पावडर कोटिंग’ हेच नाव रूढ आहे. नेहमीच्या रोगणात रंगद्रव्य व बंधक द्रव्य विद्रावकात मिसळलेले असते आणि विद्रावक उडून गेल्यावर लेप वाळतो. चूर्णलेपनात विद्रावक मुळीच नसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत घरगुती उपकरणे, पोलादी फर्निचर व मोटारींचे सुटे भाग यांच्या उत्पादनात स्थिरावली. पुढे जुन्या मोटारगाड्यांच्या जीर्णोद्धारात, विशेषतः गाडीच्या तळाशी असलेल्या निलंबन भागांसाठी, ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली. या वापरामुळे लेपाच्या टिकाऊपणाबरोबरच भार वाहणाऱ्या भागांची सुरक्षितता आणि ऐतिहासिक वस्तूचा मूळपणा हे दोन प्रश्नही पुढे आले.

निलंबन भाग व गंज : चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधील स्प्रिंगा, धक्काशोषक, त्यांना जोडणारे दांडे, कंस, आडव्या तुळया व बुश या सर्वांना मिळून निलंबन म्हणतात. रस्त्याचे हादरे पोटात घेणे आणि चाके रस्त्याला टेकलेली ठेवणे ही त्याची कामे होत. हे भाग रस्त्यापासून सर्वांत जवळ असल्याने खडी, चिखल व पाणी यांचा मारा त्यांच्यावर सतत होतो. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तेही याच भागांवर उडते. त्यामुळे लेप प्रथम येथेच टवका उडून जातो व गंज लागतो. दरवाजाचा पत्रा गंजला, तर गाडी विद्रूप होते. पण स्प्रिंगेची बैठक किंवा चाक धरणारा दांडा गंजून तुटला, तर गाडीवरचा ताबा सुटतो. म्हणून या भागांवरील लेप हा शोभेचा विषय नाही.

मूळ लेपांचा इतिहास : मोटारगाडीने निलंबनाची कल्पना घोडागाडीकडून घेतली. इंग्लंडमधील ओबाडाया एलियट यांनी १८०४ मध्ये लांबट अंडाकृती पाट्यांच्या स्प्रिंगेचे पेटंट घेतले होते. अशा पाट्या आरंभीच्या बहुतेक मोटारींना बसविलेल्या असत. घोडागाडीचे रंगकामही मोटारीत जसेच्या तसे उतरले. तेलयुक्त रोगणाचे अनेक हात, प्रत्येक हातानंतर घासणे आणि पुन्हा वाळविणे यांत आठवडे जात. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाला हा वेग परवडणारा नव्हता. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या गाडीसाठी आस्फाल्टयुक्त काळी रोगणे भट्टीत भाजण्याची पद्धत वापरली जाई. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्यूको’ हे लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज रोगण आले आणि गाड्यांच्या बाह्यांगाला विविध रंग मिळाले. तळाचे भाग मात्र बहुधा काळ्या रोगणात बुडवून किंवा त्याचा पातळ फवारा मारून रंगविले जात.

धातूच्या पृष्ठभागाची पूर्वतयारी याच काळात सुधारली. टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये फॉस्फेट-संस्काराचे पेटंट घेतले. फॉस्फोरिक अम्लाच्या विद्रावाने पोलादावर फॉस्फेटाचा बारीक स्फटिकी थर तयार होतो. तो गंजाला अटकाव करतो व रोगण घट्ट धरून ठेवतो. १९१५ मध्ये डिट्रॉइट येथे पार्कर कंपनीने या पद्धतीचा औद्योगिक प्रसार सुरू केला. बोल्ट, पकडी व लहान कंस यांवर जस्ताचे किंवा कॅडमियमाचे विद्युत् विलेपन करण्याची प्रथा पडली. १९६० नंतरच्या दशकात फोर्ड कंपनीने विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने जलमिश्रित रोगणाच्या हौदात भाग बुडवून अस्तर चढविण्याची पद्धत उत्पादनात आणली. त्यापूर्वीच्या गाड्यांत मात्र एकाच निलंबनातील वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळे लेप आढळतात : कोठे पातळ काळे रोगण, कोठे फॉस्फेटाचा करडा थर, कोठे कॅडमियमाची फिकट झाक, तर कोठे उघडे ओतीव लोखंड. स्प्रिंगांवर त्यांचा वर्ग दाखविणारे रंगाचे ठिपके किंवा पट्टे असत. जीर्णोद्धाराच्या दृष्टीने ही विविधता महत्त्वाची आहे, कारण गाडी कशी बांधली गेली याचा तो प्रत्यक्ष पुरावा असतो.

चूर्णलेपनाचा उगम व विकास : प्लॅस्टिकांच्या चूर्णाचा लेपासाठी उपयोग दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. जर्मनीतील एर्विन गेमर यांनी १९५३ च्या सुमारास तरंगत्या चूर्णाच्या कुंडाची पद्धत शोधून काढली. कुंडाच्या सच्छिद्र तळातून हवा सोडली की चूर्ण उकळत्या द्रवासारखे हालते. त्यात तापविलेली वस्तू बुडविली की चूर्ण तिच्यावर वितळून चिकटते. यासाठी पॉलिएथिलीन, नायलॉन यांसारखी तापमृदू बहुवारिके वापरीत. हा लेप जाड, सु. पाव मिमी. किंवा त्याहून अधिक होई. नळ, तारेच्या जाळ्या, रासायनिक उपकरणे यांना तो उपयोगी पडला. रोगणाची जागा मात्र तो घेऊ शकत नव्हता.

पातळ लेपाचा मार्ग दोन सुधारणांनी मोकळा झाला. अमेरिकेतील हॅरल्ड रॅन्सबर्ग यांनी १९४० नंतरच्या दशकात द्रव रोगणाच्या फवाऱ्याला विद्युत् भार देण्याची पद्धत प्रचारात आणली होती. तेच तत्त्व १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चूर्णाला लागू केले गेले. फ्रान्समधील ग्रनॉब्ल येथील सामेस कंपनीचा यात पुढाकार होता. याच सुमारास नेदरलँड्समधील पीटर द लांगे यांनी भट्टीत कायमच्या दृढ होणाऱ्या, म्हणजे तापदृढ रेझिनांच्या चूर्णांचा विकास केला. प्रथम एपॉक्सी व नंतर पॉलिएस्टर रेझिने वापरात आली. एपॉक्सीचा लेप रसायनांना व गंजाला उत्तम तोंड देतो. पण उन्हात त्याची झळाळी जाऊन तो खडूसारखा भुकटतो. पॉलिएस्टर उन्हात टिकते.

या पद्धतीच्या प्रसाराला कायद्यांचाही हातभार लागला. लॉस अँजेल्स परगण्याने १९६६ मध्ये ‘नियम ६६’ करून रोगणांतील विद्रावकांच्या वापरावर बंधने घातली. १९७० मध्ये अमेरिकेत शुद्ध हवेचा कायदा झाला. १९७३ च्या तेलसंकटाने खनिज तेलापासून मिळणारे विद्रावक महाग केले. चूर्णात विद्रावक नाही आणि वस्तूवर न बसलेले चूर्ण गोळा करून बहुतांशी पुन्हा वापरता येते, हे दोन गुण त्यामुळे एकाएकी मोलाचे ठरले. नव्या मोटारींच्या वलयी स्प्रिंगांवरही चूर्णलेपन होऊ लागले.

जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार : जुनी मोटारगाडी जतन करण्याची चळवळ मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेत उभी राहिली. ब्रिटनमध्ये मोटारींवरील जाचक वेगमर्यादा उठल्याच्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडन ते ब्राइटन अशी सहल निघाली होती. तिची आठवण म्हणून १९२७ मध्ये जुन्या गाड्यांची सहल सुरू करण्यात आली. ग्रेट ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब १९३० मध्ये व अमेरिकेतील अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ मध्ये स्थापन झाला. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फिव्हा) १९६६ पासून कार्य करीत आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रदर्शनासारख्या स्पर्धांनी जीर्णोद्धाराला बक्षिसांची जोड दिली. स्पर्धेतील गाडी खालूनही निरखली जाऊ लागली. त्यामुळे मूळ कारखान्यात चटकन काळा हात मारून सोडून दिलेले भागही आरशासारखे चकचकीत करण्याची चढाओढ लागली.

सायकलींच्या चौकटी, बागेतील खुर्च्या, फाटके व खिडक्या यांना लेप देणारे छोटे कारखाने शहरोशहरी निघाले, तेव्हा एकट्यादुकट्या गाडीमालकालाही आपले भाग तेथे नेता येऊ लागले. गुळगुळीत, एकसारखा, टवके सहजासहजी न उडणारा आणि दुसऱ्याच दिवशी हाताळता येणारा हा लेप कुंचल्याने दिलेल्या रोगणापेक्षा उघडच सरस होता. निलंबनाचे भाग सुटे करता येतात व भट्टीत मावतात, त्यामुळे जीर्णोद्धारातील चूर्णलेपनाचा सर्वाधिक वापर त्यांच्यावरच झाला.

क्रिया : जॅग्वार कंपनीच्या ‘ई-टाइप’ या गाडीच्या उदाहरणावरून ही क्रिया स्पष्ट होईल. १९६१ च्या मार्चमध्ये जिनीव्हा येथे ती प्रथम दाखविण्यात आली व १९७४ पर्यंत अशा सु. ७२,००० गाड्या तयार झाल्या. तिच्या मागील चाकांचे स्वतंत्र निलंबन पोलादी पत्र्याच्या एका पिंजऱ्यात बसविलेले असून तो रबरी आधारांवर गाडीला जोडलेला असतो. अंतरक दंतपेटी, तिच्या दोन्ही बाजूंचे तबकडी गतिरोधक आणि दर बाजूस दोन याप्रमाणे वलयी स्प्रिंगा व धक्काशोषकांचे चार संच हे सर्व या पिंजऱ्याबरोबर एकत्र खाली उतरविता येते. पुढे दुबेळक्याच्या आकाराचे दांडे व पीळ घेणाऱ्या पोलादी सळया आहेत. एंजिन व पुढील निलंबन यांचा भार चौकोनी नळ्यांच्या पितळी झाळकाम केलेल्या चौकटीवर येतो.

प्रथम सर्व भाग सुटे करून रबरी बुश, धारवे, तेलबंद व धक्काशोषक बाजूला काढतात. धक्काशोषकातील तेल व रबर भट्टीचे तापमान सहन करू शकत नाहीत. वायू भरलेला धक्काशोषक भट्टीत फुटण्याचाही धोका असतो. त्यानंतर तेल व वंगण पूर्णपणे धुऊन काढतात. पत्र्यांच्या दुहेरी जोडांत तेल राहिले, तर ते भट्टीत बाहेर झिरपून लेप खराब करते. वाळूचा किंवा तत्सम कणांचा मारा करून जुने रोगण व गंज काढल्यावर उघडा पडलेला धातू लवकरात लवकर फॉस्फेट-संस्कारित करतात. बोल्टांचे आटे, धारव्यांच्या बैठकी व जेथे धातू धातूला घट्ट आवळला जातो ते पृष्ठभाग उष्णतारोधी पट्टीने किंवा सिलिकोनाच्या बुचांनी झाकून ठेवतात.

भूसंपर्क दिलेल्या भागावर ६० ते १०० किलोव्होल्ट विद्युत् दाबाच्या बंदुकीतून चूर्ण फवारले की ते त्याला चिकटून राहते. नंतर भट्टीत धातूचे तापमान १८० ते २००° से. झाल्यावर तो १० ते २० मिनिटे त्याच तापमानात ठेवतात. चूर्ण वितळून पसरते, त्यातील रेझिनाचे रेणू एकमेकांशी जोडले जातात व सु. ६० ते १०० मायक्रोमीटर जाडीचे पटल तयार होते.

मर्यादा व धोके : खोल कोपरे व पेटीसारखे आतले भाग यांत विद्युत् क्षेत्र पोहोचत नाही, त्यामुळे तेथे चूर्ण नीट बसत नाही. मायकेल फॅराडे यांनी १८३६ मध्ये पिंजऱ्याच्या प्रयोगाने दाखविलेला गुणधर्मच याला कारणीभूत असतो. नेमक्या अशाच जागी पाणी साचत असल्याने आतून मेणयुक्त लेप देणे आवश्यक ठरते. ओतीव लोखंडाच्या छिद्रांतील वायू भट्टीत बाहेर पडून लेपाला टाचणीएवढी भोके पडतात. असा भाग आधी एकदा रिकामाच तापवून घेतात. तीक्ष्ण कडांवर पटल पातळ राहते. तेथे टवका उडाला, तर ओलावा पटलाखाली शिरतो आणि वरून लेप अखंड दिसत असताना खाली गंज पसरत जातो.

आवळलेल्या जोडांत जाड पटल ठेवणे धोक्याचे असते. बोल्टाच्या डोक्याखालील प्लॅस्टिक दाबाने हळूहळू चेपले जाते, बोल्टातील ताण कमी होतो व जोड ढिला पडतो. स्प्रिंगांच्या बाबतीत पूर्वतयारीही जपून करावी लागते. गंज काढण्यासाठी अम्लाचा वापर केला, तर कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ बनते व भाराखाली अचानक तडकू शकते. बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून स्प्रिंगेच्या पृष्ठभागात निर्माण केलेले उपकारक दाब-प्रतिबल अतितापनाने कमी होते. लेपाच्या भट्टीचे तापमान सामान्यतः मर्यादेत असते. परंतु जुना चूर्णलेप जाळून काढण्यासाठी भाग सु. ४००° से.पर्यंत तापविल्यास स्प्रिंग निकामी होऊ शकते.

सर्वांत गंभीर प्रश्न तड्यांचा आहे. पन्नास-साठ वर्षे हादरे सोसलेल्या भागात शिणवट्यामुळे केसासारखे बारीक तडे पडलेले असू शकतात. पातळ, कडक रोगण अशा जागी स्वतःच तडकते व फटीतून गंजाची रेघ बाहेर दिसते. तपासनिसाला ती सूचना पुरेशी असते. जाड व चिवट चूर्णलेप मात्र बारीक तडा झाकून त्यावर अखंड ताणलेला राहू शकतो. ई-टाइपच्या पुढील नळ्यांच्या चौकटीसारख्या भागात झाळकामाच्या सांध्यांची वेळोवेळी पाहणी करावी लागते. याच कारणाने शर्यतीच्या गाड्यांच्या नळ्यांच्या सांगाड्यांसाठी अनेक कारागीर पातळ रोगणच पसंत करतात. चूर्णलेप द्यावयाचा असल्यास उघड्या धातूची चुंबकीय कणांनी किंवा तड्यात शिरणाऱ्या रंगद्रवाने आधी परीक्षा करणे अगत्याचे असते. एकदा लेप चढला की ही संधी जाते. भाग निरोगी आहे असा भास मात्र पूर्वीपेक्षा वाढतो.

मूळपणाचा प्रश्न : विसाव्या शतकाच्या अखेरीस अतिजीर्णोद्धाराविरुद्ध मत तयार होऊ लागले. पेबल बीच येथे २००१ पासून जीर्णोद्धार न केलेल्या, मूळ अवस्थेतील गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवण्यात आला. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर फिव्हाने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. जुने वाहन हा सांस्कृतिक वारसा आहे, त्यात शक्य तितका कमी बदल करावा, मूळ काळातील सामग्री व पद्धती यांना प्राधान्य द्यावे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे.

या कसोटीवर चूर्णलेपनाविरुद्ध दोन आक्षेप उभे राहतात. पहिला असा की, लेपापूर्वीच्या कणमाऱ्यात मूळ रोगण, फॉस्फेट व ओळखीचे ठिपके नाहीसे होतात आणि ते परत मिळविता येत नाहीत. दुसरा असा की, हा लेप उतरविणे कठीण असते. साध्या विद्रावकाने तो निघत नाही. जालीम रसायने, कणमारा किंवा जाळणे यांपैकी काही तरी करावे लागते. उलट, जी गाडी पावसापाण्यात नियमित चालवावयाची आहे, तिचे गंजलेले भाग केवळ मूळपणासाठी पुन्हा पातळ काळ्या रोगणात ठेवणे म्हणजे तो भागच कालांतराने गमावणे होय, असा चूर्णलेपनाचा पुरस्कार करणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. दोन्ही बाजूंत तथ्य असल्याने गाडीगणिक व भागागणिक निर्णय घेण्याकडे कल वाढला आहे. मूळ लेप शाबूत असलेला दुर्मिळ भाग साफ करून मेण किंवा तेल लावून ठेवतात. पूर्वीच मूळ लेप गमावलेल्या व भट्टी सोसणाऱ्या भागावर मंद झळाळीचा काळा चूर्णलेप देतात.

भारतातील स्थिती : भारतात जुन्या गाड्यांच्या फेरीची परंपरा दिल्ली येथे १९६४ मध्ये ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने सुरू केली. संस्थानिकांच्या आलिशान गाड्यांबरोबर पुढे देशात बनलेल्या साध्या गाड्यांनाही वारशाचे मोल आले. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० ही गाडी व तिचेच पुढील नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ ही यांतील प्रमुख होत. तिला पुढे वलयी स्प्रिंगा व मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असत. टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरील तिचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. किनारपट्टीची खारी हवा व चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे अशा गाड्यांच्या स्प्रिंगांच्या बैठकी व तळाचे कंस लवकर गंजतात आणि त्यांवर चूर्णलेपन करण्याचा मोह साहजिक होतो. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होण्यासाठी ती मूळ स्वरूपात राखलेली असणे, म्हणजेच तिचा सांगाडा, कवच व एंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसणे आवश्यक आहे. हे नियम लेपापुरते काही सांगत नाहीत. तो निर्णय मालक व कारागीर यांच्यावरच राहतो.

कणमाऱ्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेणे, रंगाचे ठिपके, विलेपनाच्या छटा व कोरलेले क्रमांक टिपून ठेवणे, शक्य असल्यास बदललेला एखादा जुना भाग नमुना म्हणून न घासता जपणे आणि तड्यांच्या परीक्षेचा निष्कर्ष गाडीच्या कागदपत्रांत नोंदविणे या खबरदाऱ्या खर्चिक नाहीत. त्या घेतल्यास चूर्णलेपाखाली काय आहे व पूर्वी काय होते, हे पुढील कारागिराला कळू शकते.